साठ दिव्यांचं तबक

"हजर असलेल्यांत वयानं सगळ्यात मोठ्या बाईनं आधी ओवाळायचं," गुरुजी म्हणाले. पैठणी नेसून पाटावर बसलेल्या विदुलाताईंची साठी होती, पण त्या पन्नाशीच्याही वाटत नव्हत्या.

मी केटररबरोबर भांडी घासायला आलेली. दिवे बघायला दारात जरा थांबले, तर एका पाहुणीनं मला पुढेच ओढलं. "या आजी आहेत ना!" मी नको नको म्हणेपर्यंत साठ दिव्यांचं तबक हातात आलं. हाताला अजून साबण होता. तबक सटकायला लागलं. कधी एकदा खाली ठेवते असं झालं.

कसंबसं ओवाळलं, तर विदुलाताई वाकून थेट माझ्या पायाशी. मी मागे सरले, तर मागे भिंत.

"आशीर्वाद द्या, आजी. तुमची साठी कशी केली होती?"

"मला अजून चौदा वर्षं आहेत, ताई," मी म्हणाले. "आई एक्कावन्नाव्या वर्षी गेली, सासू त्याच्याही आधी. आमच्यात साठी कशी करतात, कुणाला ठाऊक? तिथवर अजून कुणी पोचलंच नाही."