डबी नसलेलं घरटं

बागेच्या कुंपणालगतच्या झुडपात एक घरटं होतं. त्यात चार अंडी होती, तीन पिसं होती आणि एक प्लास्टिकची डबी होती. फोनवर जागा बघून लपवलेली डबी शोधायची, असा एक खेळ आहे. त्यासाठी धाकट्या भावाने ती तिथे ठेवली होती.

“तायडे, एवढ्याशा डबीने पाखराचं काय घोडं मारलं?”

“तुझ्या अंथरुणात रोज कुणी परका हात घालून गेला, तर झोपशील तिथे?”

“बरं बाई, चुकलं!” म्हणत त्याने डबी काढून घेतली.

पण खेळणारे इतरही होते. प्राणिशास्त्र शिकलेल्या ताईने त्यांच्या ग्रुपवर कळकळीने लिहिलं, ‘घरट्यात डब्या लपवू नका, पक्षीण अंडी सोडून जाते.’ सोबत पुरावा म्हणून घरट्याचा फोटो जोडला आणि शास्त्राच्या शिस्तीप्रमाणे त्याची अचूक जागाही दिली.

सगळ्यांना ते मनापासून पटलं. रविवारी दिवसभर माणसं येत राहिली, फांद्या बाजूला सारून घरटं बघून गेली. डबी कुणीही ठेवली नाही.



सोमवारी सकाळी ताईने तापमान मोजलं. हवा एकवीस अंश, अंडी एकवीस अंश.