सातवा फेडर

नाटकाची तिसरी घंटा व्हायला आली आणि नव्या साउंड मिक्सरच्या पडद्यावर ‘ई-७’ झळकलं. रेवतीने माहितीपुस्तिका चाळली. आवाज कमी-जास्त करणारा सातवा फेडर अडकलाय, आपोआप सरकत नाहीये. पण का? काल दसऱ्याच्या सकाळी घरी तपासला तेव्हा तर ठीक होता!

“या शहाण्या मिक्सरला मी हातसुद्धा लावणार नाही,” असं म्हणणारे बाबा शेजारी वायरी गुंडाळत होते.

तिने फेडरच्या खाचेत चिमटा घातला. कुंकू लागलेला तांदळाचा दाणा बाहेर आला. फेडर आपसूक सरकला, कोड गेला.

“बाबा, याला अक्षता कुणी वाहिल्या?”

बाबांनी मान वर केली नाही. “जुन्या मिक्सरची पूजा करत होतो. हा शेजारीच होता. सणाला घरातल्याला वगळतात होय?”