बाथरूममधला आवाज

ताईचा धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन सात महिने झाले होते. झोपेच्या गोळ्यांनी त्याची दहा वर्षं खाल्ली होती. आता तो पुन्हा घड्याळं दुरुस्त करायला लागला होता, हातही थरथरत नसे. ताईच्या जिवात जीव आला होता.

एका दुपारी दोघं समोरासमोर जेवत असताना बाथरूममधून आवाज आला. टक. स्ट्रिप फोडून गोळी काढताना होतो, तसा. मग पुन्हा, टक.

घरात तिसरं कुणीच नव्हतं.

"तुलाही ऐकू आलं?" ताईने विचारलं.

"रोजच येतं," तो मान खाली घालून म्हणाला. "मी दार उघडून बघत नाही."

ताई उठून दाराशी गेली. कडी आतून लावलेली होती. टकटक थांबली.

"ताई," आतून भावाचाच आवाज आला, पूर्वीसारखा लाडीगोडीचा. "जरा पाणी दे ना."

टेबलापाशी बसलेल्या भावाने डोळे गच्च मिटले. "देऊ नकोस," तो पुटपुटला.

दहा वर्षांत या आवाजाला तिने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. तिने आपल्या हाताकडे पाहिलं. हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला होता. तो कधी भरून घेतला, ते तिला आठवेना.

आतली कडी हळूच सरकली.