हळदीतला कंट्रोलर

चाळिशीला आलेल्या भरतेशसाठी स्थळं बघून आई थकली. तो आपला संध्याकाळी एकटाच व्हिडिओ गेम खेळायचा. रविवारी त्यानं पांढऱ्या कंट्रोलरचं प्लास्टिक खोलून घरच्याच हळदीत उकळलं. रंग झकास चढला, पण चोळता चोळता हातही मनगटापर्यंत पिवळे झाले.

सोमवारी सकाळी मार्केट यार्डासमोर चहाच्या गाड्यावर तानाजीकाका ओरडलेच, "हळद लागली आन् आमाला सांगितलं न्हाईस व्हय रं? लगीन कवा हाय?"

चार माणसं उठून हात मिळवायला आली. भरतेशनं कंट्रोलरचं नाव न काढता पिवळे हात पुढं केले.

घरी आल्यावर आईनं लिंबू कापून पुढं केलं. "चोळ, लगेच निघंल."



"राहू दे गं दोन दिवस."