न उचललेली पाने

कल्पना करा मुलांनो, तीन पत्तीच्या डावात दोघेच उरले आहेत. तुमच्याकडे तीन एक्के आहेत आणि समोरच्याने आपली पाने अजून उचललेलीच नाहीत. तुम्ही चाल वाढवाल की गप्प बसाल? एक नियम लक्षात ठेवा: शेवटी जो एकटा उरतो, त्याला पाने दाखवावी लागत नाहीत.

गोवा राज्य झाले त्या वर्षीच्या चवथीला पेडण्याच्या गौरवीपुढे हाच प्रश्न होता. डाव चिंचोक्यांवर चालला होता. आईने आणि बाबलीकाकाने पाने टाकून दिली होती. समोर पप्पांचा पाट रिकामा होता. त्यांना घेऊन मुरगावहून मे महिन्यात निघालेली मालवाहू बार्ज परतली नव्हती. घरात सुतक कुणी धरले नव्हते, म्हणून गणपती आणला होता. काकाने सवयीने पाने चौघांना वाटली होती आणि पप्पांचा चिंचोका दर फेरीला गौरवीच टाकत होती.

"उघड गो बाय ती पानां," काका पप्पांच्या पाटापुढच्या पानांकडे बोट करून म्हणाला. "किती येळ चलतलो असो खेळ?"

आईने मान वर केली नाही.



गौरवीने आपले तीन एक्के पालथे टाकले आणि सगळे चिंचोके पप्पांच्या पाटापुढे सरकवले.