पाठमोरी

"मालक, तुमच्यावाचून आमचं कोण?" एवढं एकच वाक्य लुडविनाला बोलायचं होतं, आणि तेच तिच्या गळी उतरत नव्हतं.

सुरिनाम नदीच्या धक्क्यावर शूटिंग चाललं होतं. मळ्याचा गोरा मालक बोटीत बसून हॉलंडला निघालाय आणि त्याची काळी दाई काठावर रडतेय, असा प्रसंग. महिन्याभरात देश हॉलंडपासून स्वतंत्र व्हायचा होता. सिनेमा लागणार होता इथेच, पारामारिबोत. असलं वाक्य बोलून गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. तिने ते बदलायला विनवलं, तर डच दिग्दर्शक रुलॉफ म्हणाला, "नको तर राहू दे. ॲमस्टरडॅमहून दुसरी बोलावतो." दुसरी आली असती आणि वाक्य तेच राहिलं असतं. म्हणून लुडविनाने काम सोडलं नाही.

आदल्या दिवशी बाजारात तिने एसेलीन मावशीपाशी मन मोकळं केलं. मावशीने कसाव्याचे कंद सोलता सोलता ऐकून घेतलं.

"बोल की," ती म्हणाली. "तोंड विकत घेतलंय त्यांनी. डोकं घेतलंय का?"

आज लुडविना डोक्याचा रुमाल घरूनच चढवून आली होती. खळ घालून कडक केलेला, मागे टोकं ताठ पसरलेली. इथल्या बायका रुमालाच्या घडीतून बोलतात. राग, रुसवा, प्रेम, सगळंच. ही घडी तर शेंबडं पोरही ओळखतं: काय बरळायचंय ते बरळू दे.

रुलॉफने कॅमेरा तिच्या पाठीमागे लावला. त्याला तिच्यापासून लांब लांब जाणारी बोट हवी होती. लुडविनाने मान लववली आणि एक अक्षर न गाळता वाक्य म्हटलं. पायऱ्यांवर बसलेले हमाल खो-खो हसत सुटले.

"हसायला काय झालं?" रुलॉफने विचारलं.

त्याचा इथला सहायक शिवदीन चपलेकडे बघत म्हणाला, "काही नाही साहेब, रिकामटेकडे आहेत."

"झाकतोस कशाला, शिवदीन?" लुडविना वळली. "साहेब, माझा रुमाल तुमच्या मालकाला सांगतोय, काय बरळायचं ते बरळ. कॅमेऱ्यात छान आलं असेल."

रुलॉफ लालबुंद झाला. "काढ तो."

"नाही काढत. बोलवा तुमची दुसरी."

"तुझी गरजच नाही मला." त्याने झाडाखाली बसलेल्या बायकांकडे हात केला. निरोपाच्या गर्दीसाठी रोजावर आणलेल्या होत्या त्या, आपापल्या ठेवणीतल्या कपड्यांत. "यांना काठावर उभं करा. बोटीकडे तोंड करून."

सगळ्यांत आधी एसेलीन मावशी उठली. घेरदार झगा सावरत काठाशी गेली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या आणि मुकाट नदीकडे वळल्या.

रुलॉफने कॅमेऱ्याला डोळा लावला. समोर नुसत्या पाठीच पाठी. प्रत्येक डोक्यावर रुमाल, आणि प्रत्येक रुमालाची टोकं तशीच ताठ.

मालकाला घेऊन गेलेली बोट लांब पाण्यात घरघरत उभी होती.

"काय रे बाबा," मावशीने मागे न बघताच विचारलं, "बोट परत बोलवायची, की जाऊ द्यायची?"