चोक काढला त्या दिवशी

"जुनीच ट्यूब ठेवायची तर तिच्याच वॅटचा नवा चोक लागेल. एलईडीला चोक लागतच नाही," गाण्याच्या वर्गात स्टुलावर चढलेला वायरमन म्हणाला.

"मग एलईडीच लावा!" तिथे गाणं शिकणारी बकुळा वैतागून म्हणाली. तंबोरे लावताना त्या चोकाची गुणगुण सगळ्यांच्याच कानांत शिरायची.

वायरमनने चोक काढून तिच्या हातात दिला. नवी ट्यूब लख्ख लागली आणि मुलींनी तंबोरे लावायला घेतले.

गुणगुण होतीच! बकुळाने वर पाहिलं, मग हातातल्या जड, मुक्या चोकाकडे. तंबोऱ्याचा षड्ज जुळला आणि त्या गुणगुणीत विरघळून गेला.

तिने वळून पाहिलं. गाणं शिकवणाऱ्या वृद्ध बाई गादीवर डोळे मिटून, ओठ मिटून बसल्या होत्या.

"लागले का गं तंबोरे?" बाईंनी विचारलं, आणि गुणगुण थांबली.